शुक्रवारची तोडणी

त्या वर्षी ऊन लवकर तापलं आणि भेंडी पिसाळल्यासारखी सुटली. आज बोटाएवढी म्हणून झाडावर ठेवावी, तर परवा वीतभर होऊन बसायची. टोक मोडून बघावं तर कट्‌कन मोडत नाही, नुसतं वाकतं. टोक वाकलं की भेंडी जून झाली, फेकायची. म्हणून दिवसाआड तोडणी. घरात कुणी आजारी असो, पाहुणा असो, तोडणी चुकवायची नाही. आणि नेमका त्याच मोसमात आमच्या ह्यांनी पाय मोडून घेतला. मोटार बघायला विहिरीत उतरले आणि जिथे पायरी नव्हती तिथे पायरी आहे असं समजून पाऊल टाकलं.

"माझा पाय सुजलाय, तोंड नाही," असं म्हणत ते खाटेवरून दिवसभर मला सूचना द्यायचे. कुठली ओळ राहिली, कुठे पाणी तुंबलं, सगळं त्यांना पडल्या पडल्या दिसायचं. फक्त तोडायला ते नव्हते.

उरलो मी आणि अक्का. अक्का बांधापलीकडची. तिचा नवरा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, दोन-दोन महिने तोंड दाखवायचा नाही. आमच्या दोघींची सावड जुनी होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती माझ्या रानात यायची आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार मी तिच्या रानात जायचे. दिवसाला दिवस. ह्यांचे जुने मोजे बोटांच्या जागी कापून आम्ही हातात घालायचो, कारण भेंडीची लव फार चावरी. तरी संध्याकाळी मनगटं लाल व्हायची आणि झोपेतही माणूस खाजवत राहायचा.

अक्काची मुलगी ठमी आणि माझी छोटी एकाच वर्गात, सहावीत. ठमी हे काही तिचं शाळेतलं नाव नाही. ती हळू चालायची, हळू जेवायची, काही विचारलं तर आधी आपल्याकडे नीट बघून घ्यायची आणि मग बोलायची, म्हणून ठमी. माझी छोटी म्हणजे लवंगी फटाका. तिला पाढे येत, कविता येत, आणि आपल्याला येतंय हे सगळ्यांना कळलं पाहिजे याची घाईही तिला होती. ती घाई तिच्यात कुठून आली हे मला माहीत आहे. मी चौथीत शाळा सोडली. छोटीचं नाव कुणी चांगलं घेतलं की मला दोन घास जास्त जायचे.

त्या वर्षी शाळेत नव्या बाई आल्या. त्यांनी बाकं भिंतीला लावली, पोरांना खाली बसवलं आणि चौघा-चौघांचे गट पाडले. पुढे बसणारे नि मागे बसणारे असे गट नाहीत, सगळी सरमिसळ. छोटी, शिंप्याची मुलगी, किराणावाल्याचा मुलगा आणि ठमी असा एक गट झाला. छोटी गटप्रमुख. दर शुक्रवारी वाचन. प्रत्येक गटाच्या चार चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, एक उचलायची, ज्याचं नाव निघेल त्याने उभं राहून वाचायचं आणि त्याला मिळतील ते गुण सगळ्या गटाला.

"हे काय भलतंच?" मी म्हणाले. "एकीचं वाचन आणि चौघांना गुण?"

"ज्याला येतं त्याने न येणाऱ्याला शिकवायचं, म्हणून ते तसं आहे," छोटीने मला बाईंच्याच आवाजात सांगितलं.

आणि खरंच, पहिले पंधरा दिवस आमच्या हौदाच्या कठड्यावर शाळा भरायची. चौघं पाय हौदात सोडून बसायची. छोटी ठमीच्या पुस्तकात शब्दाखाली बोट धरायची आणि ठमी त्या बोटामागून चालायची. जोडाक्षर आलं की अडायची. शिंप्याची मुलगी ते अक्षर ओल्या बोटाने कठड्यावर मोठं काढून दाखवायची, आणि उन्हाने ते वाळून जायच्या आत ठमीने ओळखायचं असा त्यांचा खेळ होता. अक्का तोडणी आटपून तिथून जाताना मुद्दाम रेंगाळायची.

"वाचतेय गं माझी ठमी," ती मला म्हणायची. "तुझ्या छोटीमुळे."

पंधरा दिवसांनी वाचन सुरू झालं. पहिल्याच शुक्रवारी चिठ्ठी निघाली ती ठमीची. "प्रत्येक" या शब्दाशी ती थांबली ती थांबलीच. दहापैकी दोन गुण. वर्गाने दोनच दोनच करून हात वाजवले. छोटी घरी आली ती दप्तर फेकून. जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि मध्येच मोठ्याने म्हणाली, "तिच्यामुळे मी मठ्ठ ठरले!"

मी तिच्या पाठीवर हात फिरवत बसले होते. तेव्हाच मी हे विचारलं, आणि ते मी विचारलं, तिने नाही. "एखादी गैरहजर असली तर काय करतात?"

"तिची चिठ्ठी टाकत नाहीत."

मी तिचं फेकलेलं दप्तर उचलून ठेवलं आणि म्हणाले, "शुक्रवारी तोडणी फार असते. ह्यांचा पाय असा. अक्काला विचारून बघते, ठमीला पाठवतेस का म्हणून."

छोटीने वळून माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. ती उठली आणि जेवायला बसली.

अक्काला विचारायला मला काहीच अवघड गेलं नाही, हेच आता आठवतं. "शनिवारचा बाजार, शुक्रवारीच सगळी भेंडी काढावी लागते," मी म्हणाले. "ठमीचे हात चपळ आहेत. सावडीत धरू, तिचे दिवस मी तुझ्याकडे फेडीन."

"फेडायचं काय त्यात?" अक्का म्हणाली. "तुझी मुलगी माझ्या मुलीला शिकवते. एक दिवस शाळा बुडली म्हणून काय आभाळ कोसळतंय?"

ह्यांना मात्र ते पटलं नाही. खाटेवर पाय उशीवर ठेवून ते म्हणाले, "बुधवारीही तेवढीच निघते की. बुधवारी नाही लागत माणूस?"

"तुम्ही पाय सांभाळा," मी म्हणाले.

अशा रीतीने ठमी शुक्रवारी माझ्या रानात यायला लागली. हळू चालणारी ही मुलगी तोडायला लागली की बोटं दिसायची नाहीत. कट्‌, कट्‌, कट्‌. जून कुठली ते तिला हात न लावता कळायचं. मोजे तिला मोठे व्हायचे, म्हणून ती मनगटाला सुतळी बांधायची. पानाआड लपलेली भेंडी माझ्याकडून राहायची, ती मागून येऊन काढायची आणि मला न सांगता माझ्याच टोपलीत टाकायची. दुपारी आम्ही तिघी बांधावर भाकरी खायचो. अक्का मुलीच्या मनगटाला तेल लावायची.

"दुखतंय?"

"नाही. खाजतंय फक्त."

चार वाजता शाळा सुटली की ती टोपली खाली ठेवून रस्त्याकडे जायची. छोटी येताना दिसली की विचारायची, "आपल्याला किती मिळाले?"

"दहा," छोटी सांगायची. किंवा "नऊ." आणि ठमी हसायची. मनापासून हसायची. मला तेव्हा ते हसणं बघवत नव्हतं, पण मी ते तोडणीच्या घाईवर ढकलायचे.

दुसऱ्या शुक्रवारी एक गोष्ट झाली. खताच्या रिकाम्या गोणीवर बसून ती पाणी पीत होती आणि दोन पायांमधली अक्षरं बघत होती. "सें... द्रि... य," ती म्हणाली. "काकू, सेंद्रिय!" जणू गोणीतून काही सापडलं. मी म्हणाले, "शाब्बास." चौथ्या शुक्रवारी ती त्याच गोणीवर बसली होती. मीच म्हणाले, "वाच बघू." ती बघत राहिली. "सें" म्हणाली आणि पुढे जाईना. बोट अक्षरावर तसंच.

"मागे आलं होतं की तुला."

"छोटी शिकवत नाही आता," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, आज वारा नाही म्हणावं तसं. "मला वाचायचं नसतं ना, मग त्यांचा वेळ जातो."

हौदाचा कठडा कितीतरी दिवस रिकामा होता. मी रोज तिथून पाणी भरत होते आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. का येत नव्हतं ते माझं मला ठाऊक. त्या संध्याकाळी मी छोटीला म्हणाले, "ठमीला घेऊन बसत जा जरा."

"कशाला?" छोटी म्हणाली. "तिची चिठ्ठी कुठे असते?"

मी तिला रागावू शकले नाही. कुठल्या तोंडाने रागावणार होते? तो डाव मीच टाकलेला. आणि पुढच्या शुक्रवारी, पाचव्या, मी ठमीला परत बोलावलं. छोटीचा गट पहिला यायला दोन गुण कमी होते.

सत्र संपत आलं तेव्हा शाळेत पालकसभा झाली. दुपारचं ऊन पत्र्यावरून खाली उतरत होतं, एकच पंखा, तो बाईंच्या डोक्यावर. आम्ही आया भिंतीला टेकून बसलो. अक्काने ठेवणीतली साडी नेसली होती. मनगटांवरची लाली दिसू नये म्हणून तिने हात पदराखाली घेतले होते. बाईंनी नाव घेतलं: पहिला गट छोटीचा. चौघांना चार रंगपेनांचे डबे. टाळ्या. अक्काने माझा गुडघा दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग बाई म्हणाल्या, "आता हा गट तुम्हाला एक धडा वाचून दाखवील. प्रत्येकाने एक-एक परिच्छेद."

ठमी शुक्रवारी का नसते हे बाईंना माहीत नव्हतं. त्या कौतुकानेच म्हणाल्या होत्या. छोटीने वाचलं, घडाघडा. शिंप्याच्या मुलीने वाचलं. किराणावाल्याच्या मुलाने वाचलं. ठमीने पुस्तक घेतलं, आम्हा सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं आणि वाचायला लागली. स्वच्छ, न अडखळता. नदीचा धडा. हौदाच्या कठड्यावर छोटीकडून ऐकून पाठ झालेला. समोर पान उघडं होतं ते मधमाश्यांचं.

आधी पोरं हसली. मग मागचे बापे हसले. ठमी आणखी दोन वाक्यं बोलली, तिला वाटलं आपण काहीतरी गमतीचं वाचतोय. मग तिने छोटीकडे बघितलं. छोटी खाली फरशीकडे बघत होती. ठमी थांबली. बाईंनी तिच्या हातातून हळूच पुस्तक घेतलं, पान बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. त्या विचारत होत्या, हे कधीपासून? पण कुणाला विचारावं ते त्यांना कळत नव्हतं.

परत येताना आम्ही चौघी रस्त्याने. अक्काच्या चपलेचा अंगठा तुटला होता, ती पाय ओढत चालली होती. ठमीने रंगपेनांचा डबा छातीशी धरला होता. मग तोच तिने छोटीपुढे केला.

"घे. मी आज यायलाच नको होतं. शुक्रवारसारखं."

अक्का म्हणाली, "शुक्रवारसारखं म्हणजे?"

"शुक्रवारी मी काकूंकडे असते ना. मग आपल्या गटाला दहा मिळतात."

"कोणी सांगितलं तुला असं?"

"कुणी नाही. माझं मलाच कळलं."

अक्का थांबली. चप्पल हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "शुक्रवारी भेंडी जास्त निघते, म्हणाली होतीस तू."

मला अजूनही खोटं बोलता आलं असतं. भेंडी तर निघतच होती की. मी तोंड उघडलं तेव्हा तेच बोलायचं होतं मला. पण ठमी माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट न बघता, शांत.

"निघत होती," मी म्हणाले. "पण त्यासाठी नाही बोलावलं मी तिला. तिची चिठ्ठी निघू नये म्हणून बोलावलं. छोटीला काही बोलू नकोस अक्का. मीच."

छोटी रडायला लागली. अक्काने तिच्याकडे बघितलंही नाही.

"किती शुक्रवार?"

"पाच."

"तेल लावत होते मी तिच्या हाताला," अक्का म्हणाली. "तुमच्यासमोर."

तिने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. दोघींची लग्नं एका वर्षातली, एकमेकींची बाळंतपणं केलेली. तिने मला कानफटात मारली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या 'तुमच्या'ने वाटलं. ती ठमीचा हात धरून पुढे गेली. अनवाणी, त्या तापलेल्या रस्त्यावरून.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. बाई तरुण होत्या, त्यांना रागावताही आलं नाही नीट. "मी चिठ्ठ्या टाकायला नको होत्या," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तुम्ही..." आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाल्या, "तिची आई आली होती सकाळी. शाळेतून नाव काढा म्हणाली. मी काढलं नाही. खालच्या वर्गातही पाठवणार नाही. ती आहे त्याच गटात राहील. तिला घेऊन या, एवढंच करा."

एवढंच! अक्काच्या दारात मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा तिने मला पाट दिला, पाणी दिलं, आणि "बसा" म्हणून स्वतः आत जाऊन भांडी घासत बसली.

मग सोमवारी उजाडताच मी मोजे घेऊन तिच्या रानात गेले. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ती त्या ओळीला, मी या ओळीला. आमचं बिनसल्यापासून तिची तोडणी एक दिवस सरकून सोमवार, बुधवार, शुक्रवारवर आली होती; मधल्या दिवशी खुरपणी. माझ्या रानात त्या आठवड्यात कुणी पाऊल टाकलं नाही. काठी टेकत हे बांधापर्यंत गेले आणि येऊन म्हणाले, "झाडं वाकलीत जून भेंडीने." ह्या माणसाला कधी नव्हे ते गप्प बसता आलं. दुपारी अक्का आणि ठमी झाडाखाली जेवायच्या आणि मी बांधाच्या या अंगाला माझी भाकरी सोडायचे. पाणी ठमी आणून द्यायची.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, मी म्हणाले, "अक्का, उद्या पाच दिवस होतात."

अक्का खुरपत होती. खुरपत खुरपतच म्हणाली, "तुमचे होतात. तिचे तुम्ही कुठून आणणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटीची वेणी घालताना मी तिला म्हणाले, "जाताना अक्काच्या रानावरून जा. ठमीला हाक मार. आली तर तिच्याबरोबर जा, आणि तिची चिठ्ठी टाकायला सांग बाईंना."

"आणि दोनच मिळाले तर?"

"तर दोन."

छोटीने आरशातून माझ्याकडे बघितलं. मान हलवली. आठवडाभर ती हौदाच्या कठड्यावर एकटीच पुस्तक घेऊन बसत होती, ते मी बघितलं होतं.

शुक्रवार. ऊन चढायच्या आधीची वेळ. मी आणि ठमी शेजारशेजारच्या ओळीत होतो, अक्का पुढे. छोटी रस्त्यावर येऊन उभी राहिली. दप्तर पाठीला, केस चापून. तिने हाक मारली, पण ती इतकी हळू की तिलाच परत मारावी लागली.

"ठमे, चल ना! बाईंनी बोलावलंय!"

ठमी उभी राहिली. अक्काही उभी राहिली, पण वळली नाही. मी वाकलेलीच राहिले. जा गं, मी मनात म्हणत होते, जा.

"आज शुक्रवार आहे ना," ठमी म्हणाली.

"म्हणूनच! तुझीपण चिठ्ठी टाकणारेत आज."

ठमीने नेहमीसारखं छोटीकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "नको. तुम्हाला दोनच मिळतील."

"मिळू देत."

"नको," ठमी म्हणाली. आवाजात राग नव्हता. रागाची ती मुलगीच नव्हे. "जा तू. घंटा होईल."

छोटी तिथेच उभी राहिली, पहिली घंटा झाली, दुसरी झाली. मग ती पळत सुटली आणि दप्तर तिच्या पाठीवर आपटताना मला लांबपर्यंत ऐकू येत होतं. अक्का पुढच्या झाडाकडे वळली. ठमीने मनगटाची सुतळी दातांनी घट्ट केली, आणि माझ्या ओळीत मागे राहिलेली एक भेंडी पानाआडून काढून माझ्याच टोपलीत टाकली.

"काकू, तुमच्या रानातली सगळी जून झाली असेल ना?" ती म्हणाली. "इथलं आटपलं की मी येते तिकडे."